लायसन्सला रेग्युलेटर पाहिजे होता

आमच्या आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वय ७६ आणि लायसन्स २०२८ पर्यंत व्हॅलिड. म्हणजे सरकारच्या हिशोबानं ७८ व्या वर्षापर्यंत आबांचे डोळे, कान, मान, गुडघे सगळं ठणठणीत आहे, कागदावर डॉक्टरचा शिक्का आहे, विषय संपला. तो खरंच संपला असता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

झालं असं की जानेवारीत साताऱ्याहून गावी येत होतो, कोरेगाव रोडनं, आबा चालवत होते, मी शेजारी आणि मागं सासूबाई भाजीच्या पिशव्या धरून. सात वाजत आले होते. तुम्ही आमच्या भागातले असाल तर कारखाने सुरू असताना ह्या टायमाला रस्त्यावर काय असतं ते सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, असलाच तर चिखलानं माखलेला, आणि टेप एवढा मोठा लावलेला की तुम्ही हॉर्न वाजवून दमा. समोरून एक गाडी अप्पर टाकून आली, तिचा उजेड डोळ्यावरनं गेला आणि पुढच्या सेकंदाला समोर उसाची भिंत. मी "आबाऽऽ" म्हणून ओरडले आणि मग ब्रेक लागला. माझ्या ओरडण्याच्या आधी नाही, नंतर. लागलं कुणाला नाही, टोमॅटो तेवढे गाडीभर झाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुण्याला वन्सांना फोन लावला आणि वन्सांचं एकच, चावी काढून घ्या, लायसन्स रद्द करा, ह्या वयात कशाला पाहिजे गाडी. फोन स्पीकरवर. आबा जेवता जेवता ऐकत होते, म्हणाले, "आन त्यो काय करतोय मग?" त्यो म्हणजे आमचा पुतण्या पिंट्या, वय साडेसोळा, जो बरोबर त्याच वेळेला क्लासवरनं ॲक्टिव्हा दामटत, मागं एक मित्र घेऊन, दारात येऊन थांबला होता. त्याला गेलं वर्षभर घरात कुणी एक शब्द बोललेलं नाही, उलट क्लासच्या ने-आणीचा ताप वाचला म्हणून सगळे खूश.

ज्याच्याकडं लायसन्स आहे त्याचं काढून घ्यायला सगळे तयार आणि ज्याच्याकडं नाहीच त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, हे मला रात्री झोपू देईना. मग कायदा काढून वाचला, बाहेरच्या देशात काय करतात ते वाचलं, आणि जे समजलं ते सरळ भाषेत सांगते.

खालच्या टोकापासून सुरुवात करू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ मध्ये वय लिहिलंय. १८ च्या आत सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची नाही. ट्रक, बस, टॅक्सी असलं धंद्याचं वाहन असेल, ज्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात, तर २०. एक सूट आहे, १६ पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतची टू व्हीलर चालवता येते, पालकांची सही लागते. "सोळाला मिळतंय की लायसन्स" म्हणणारे सगळे ह्याच एका ओळीवर उभे असतात, पण ५० सीसीची गाडी आता आहे कुणाकडं? ती लूनाच्या जमान्यातली गोष्ट झाली. पिंट्याची ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपासची, म्हणजे त्यानं ते सोळाचं लायसन्स काढलं असतं तरी ह्या गाडीला चाललं नसतं. बॅटरीवरच्या त्या हळू स्कूटर असतात ना, २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ च्या वर न जाणाऱ्या, त्यांना कायदा मोटार वाहन धरत नाही म्हणून त्यांना लायसन्स नको. पण ज्या स्कूटरला नंबर प्लेट आहे तिला लायसन्स लागतंच, दुकानदार काही का सांगेना.

२०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली त्यात कलम १९९अ आलं आणि हे प्रत्येक आईबापानं वाचावं असं आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरायचा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळणार नाही. मी हे दुसऱ्या दिवशी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा जाऊबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. ॲक्टिव्हा त्यांच्या नावावर आहे.

आता वरचं टोक. तर वरचं टोक नाहीच! आपल्या कायद्यात अमुक वयानंतर गाडी चालवायची नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. फक्त लायसन्सची मुदत वयाप्रमाणं कमी कमी होत जाते. तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० च्या मध्ये काढलं किंवा रिन्यू केलं तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये केलं तर साठीपर्यंत. आणि ५५ च्या पुढं दर ५ वर्षांनी. बास, मग तुम्ही ६० चे असा नाहीतर ९० चे, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. चाळिशी ओलांडली की रिन्यू करताना फॉर्म १अ म्हणजे डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्याशिवाय कलम १६ आहे, आजार किंवा अपंगत्वामुळं एखादा माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं वाटायला कारण असेल तर आरटीओ कधीही लायसन्स रद्द करू शकतं किंवा नवीन सर्टिफिकेट आणा म्हणू शकतं. पण आरटीओला हे सांगणार कोण? सून?

मुदत संपली तर एक वर्षाच्या आत साधं रिन्यूअल होतं, वर्ष उलटलं की परत टेस्ट. आणि मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर ते पैसे तुमच्याकडनं वसूल करायला येते, हे जाता जाता सांगून ठेवते कारण आमच्याच भावकीत दोघांची लायसन्स संपलेली निघाली.

कागदावर बघितलं तर व्यवस्था वाईट नाहीये. पण २०२३ ला आबांचं रिन्यूअल केलं तेव्हा मी सोबत होते. एजंटनं फॉर्म भरले, आबांना म्हणाला इथं सही करा, इथं सही करा, आणि सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी शिक्क्यासकट हातात. ज्या डॉक्टरचा शिक्का होता त्यांना आबांनी आजतागायत बघितलेलं नाही आणि त्यांनी आबांना. मी तेव्हा काही बोलले नाही, उलट काम लवकर झालं म्हणून बरं वाटलं, हे पण कबूल करते.

ह्याच्यापेक्षा गंमत म्हणजे आमची वॅगनआर. ती २००९ ची, १५ वर्षं झाली म्हणून २०२४ ला तिचं रजिस्ट्रेशन पुढं पाच वर्षं वाढवायला नेली. प्रायव्हेट गाडीला १५ वर्षांनी हे करावंच लागतं. तिथं साहेबांनी हेडलाइट लावून बघितले, इंडिकेटर बघितले, ब्रेक, हॉर्न, वायपर, टायर, चेसिस नंबर, पीयूसी. एका हेडलाइटची काच पिवळी पडलेली त्यावर पण बोलले. म्हणजे गाडीच्या डोळ्याची काच कुणीतरी वाकून बघितली. आबांच्या डोळ्याची काच, जी ७६ वर्षं वापरात आहे, ती कुणी बघितली नाही.

आणि मुद्दा तिथंच आहे, काचेत. डोळ्याची बाहुली वयाप्रमाणं लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं, त्यामुळं साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. दिवसा काही कळत नाही कारण ऊन भरपूर असतं. रात्री कळतं. त्यात मोतीबिंदू सुरू झाला असला की समोरच्या गाडीचा उजेड भिंगात विखुरतो, सगळं पांढरं धुकं होतं, आणि ती गाडी निघून गेल्यावर डोळा परत अंधाराला सरावायला तरुणापेक्षा जास्त वेळ घेतो. त्या वेळात गाडी चालतच असते. ताशी ६० चा स्पीड म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. नुसता अर्धा सेकंद उशीर झाला तरी आठ मीटर, म्हणजे आमच्या दोन वॅगनआर मागंपुढं लावल्या तर त्याहून जास्तच अंतर, तुम्ही आंधळ्यासारखं काटलंत. कोरेगाव रोडला त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं आणि आम्ही सगळे "आबांचं लक्ष नव्हतं" म्हणत होतो.

डोळ्यानंतर मान. मान वळत नाही म्हणून आरशात बघून भागवायचं आणि आरशात न दिसणारी मोटरसायकल नेमकी तिथंच असायची. त्यानंतर चौक. म्हातारे ड्रायव्हर सरळ रस्त्यावर चांगले असतात, त्यांची गडबड चौकात होते, खास करून उजवीकडं वळताना, कारण तिथं एकाच वेळी समोरून येणाऱ्याचा स्पीड मापायचा, डावीकडनं घुसणारा बघायचा, चालत जाणाऱ्या बाईला सोडायचं, आणि मागचा हॉर्न वाजवत असतो ते सहन करायचं. बुद्धी शाबूत असते, पण चार गोष्टी एकदम हाताळायचा वेग उतरलेला असतो. आणि गोळ्या! ह्यावर कुणी बोलतच नाही. झोपेची गोळी, सर्दीची काही औषधं, ह्यांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत डोळा जड राहतो. शुगरवाल्यानं इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं की हातपाय थरथरायला लागतात, डोकं चालत नाही, आणि हे स्टेअरिंगवर झालं की संपलं. हे चाळिशीतल्या माणसाला पण होऊ शकतं, म्हणजे इथं वय निमित्त आहे.

विसरण्याचा आजार मात्र वेगळा. बाकी सगळ्यात माणसाला स्वतःला कळतं की रात्रीचं नीट दिसत नाही, मान दुखते, आणि तो आपणहून सावध होतो, रात्री गाडी काढत नाही, हायवेला जात नाही, हळू चालवतो. बहुतेक म्हातारी माणसं असंच करतात. डिमेन्शियात माणसाला आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही, तो ठामपणे सांगतो मी एकदम ठीक आहे. तिथं घरच्यांनीच बघावं लागतं, रोजच्या रस्त्यावर चुकतायत का, गाडीला नवीन ओरखडे दिसतायत का, क्लच समजून ब्रेक दाबतायत का.

आता पिंट्याची बाजू. त्याचे डोळे घारीचे, मान घुबडासारखी फिरते, रिॲक्शन तर विचारू नका. मग अडचण काय? अडचण वरच्या मजल्यावर आहे. धोका तोलणारा, "थांब, बघू, मग जाऊ" म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. मजा देणारा भाग त्याच्या कितीतरी आधी फुल चालू झालेला असतो. त्यात मागच्या सीटवर मित्र बसला की धोका वाढतो, हे बाहेरच्या देशात पोरांवर केलेल्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि ते कळायला अभ्यास कशाला पाहिजे, संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळी साताऱ्यात पोवई नाक्याला उभं राहा. दुसरं म्हणजे अनुभव. लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, मग माणूस अठराचा असो की तिसाचा. मी स्वतः ३४ व्या वर्षी कार शिकले आणि पहिल्या महिन्यात एका गल्लीत रिव्हर्स घेताना तुळशी वृंदावन पाडलंय.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलानं पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना उडवलं आणि आधी त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घालून जामीन मिळाला, तेव्हा आमच्या घरात पण सगळे चिडले होते. टीव्हीसमोर बसून. पिंट्यासुद्धा चिडला होता. तेव्हा तो १५ चा होता आणि शेतापर्यंत गाडी नेत होता.

मग जास्त धोकादायक कोण? इथं आकडे वाचताना जरा जपून. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ६६.५ टक्के १८ ते ४५ वयातली होती. हे मेलेल्यांचं वय आहे, चालवणाऱ्यांचं नव्हे, आणि ह्या वयाची माणसंच जास्त रस्त्यावर असतात हेही खरं, त्यामुळं नुसता हा आकडा फेकून "बघा तरुणच वाईट" म्हणणं चूक. उलट बाजूनं पण असाच घोटाळा होतो. परदेशात दर किलोमीटरमागं अपघात मोजले की सत्तरी-पंचाहत्तरीनंतर आलेख वर चढताना दिसतो, आणि लोक म्हणतात, बघा म्हातारे वाईट. पण दोन गोष्टी आत लपलेल्या असतात.

पहिली अशी. साताऱ्याहून रोज पुण्याला जाणारा एखादा सेल्समन घ्या. त्याचे वर्षाचे किलोमीटर प्रचंड, पण ते सगळे हायवेचे, मध्ये डिव्हायडर, चौक नाहीत, समोरून कोण येत नाही. आबा वर्षात किती चालवतात? मार्केट, दवाखाना, पावण्यांकडं, आणि आल्याच्या रानात. किलोमीटर थोडे पण प्रत्येक किलोमीटरात चार चौक, दोन म्हशी, एक वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी शेअरची जीप, अचानक थांबलेलं. दर किलोमीटरमागं हिशोब लावला की आबा वाईट दिसणारच. त्या सेल्समनला नुसतं राजवाडा ते मोती चौक चालवायला लावा, त्याचाही आकडा चढेल. संशोधकांनी कमी गाडी चालवणाऱ्या सगळ्या वयाच्या लोकांची तुलना केली तेव्हा वयाचा फरक बराचसा विरघळून गेला.

दुसरी गोष्ट, हाडं. एकच धडक बसली तर पंचविशीतला पोरगा प्लास्टर घालून फोटो टाकतो आणि ७६ वर्षांच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं, मग अंथरूण, मग न्यूमोनिया. म्हणजे म्हातारे ड्रायव्हर जास्त मरतात ह्यात ते जास्त धडकतात हा भाग कमी आणि धडक सोसत नाही हा भाग मोठा आहे. ते दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतः मरतात. पोरांचं तसं नाही, पोरं मागं बसलेल्याला आणि समोरच्याला पण घेऊन जातात.

बाकीचे देश काय करतात बघितलं तर कुणाचंच कुणाशी जमत नाही. इंग्लंडमध्ये सत्तरीला लायसन्स संपतं आणि मग दर तीन वर्षांनी आपणच लिहून द्यायचं की मी ठीक आहे, टेस्ट नाही. तिथल्या तेव्हाच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप जानेवारी २०१९ ला ९७ व्या वर्षी स्वतः गाडी चालवत होते, सँड्रिंगहॅमजवळ धडक झाली, त्यांची गाडी आडवी झाली, समोरच्या गाडीतल्या बायकांना लागलं. सूर्याची तिरीप डोळ्यावर आली म्हणाले. (परत तेच, डोळ्यावर उजेड.) पुढच्या महिन्यात त्यांनी आपणहून लायसन्स परत दिलं. जपान कडक. तिथं ७५ च्या पुढं रिन्यू करताना स्मरणशक्तीची टेस्ट द्यावी लागते, २००९ पासून. २०१९ ला टोकियोत ८७ वर्षांच्या माणसाच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली, देश हादरला, त्या म्हाताऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२२ पासून ७५ च्या वरच्या ज्यांनी ठरावीक नियम मोडलेत त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायला लागते. जपानमध्ये १९९८ पासून स्वतःहून लायसन्स परत करायची पण सोय आहे, परत केलं की बसला, टॅक्सीला सवलत मिळते.

पण मला सगळ्यात जास्त डेन्मार्कची गोष्ट लागली. तिथं २००६ पासून सत्तरीनंतर रिन्यू करताना डोकं तपासायची टेस्ट आणली, घड्याळाचं चित्र काढा वगैरे. मग आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघितले, तो अभ्यास २०१२ ला आला. म्हाताऱ्या ड्रायव्हरांचे अपघाती मृत्यू काही कमी झाले नाहीत. वाढले ते म्हाताऱ्या पायी चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे मृत्यू. गाडी सुटली म्हणून माणसं घरात बसली नाहीत, रस्त्यावर आली, बिनपत्र्याची. त्याच्याही आधी फिनलंड आणि स्वीडनची तुलना झाली होती, फिनलंडमध्ये सत्तरीनंतर डॉक्टरची तपासणी, स्वीडनमध्ये काही नाही, आणि तपासणीवाल्या फिनलंडमध्ये म्हातारे पादचारी जास्त मरत होते.

हे वाचल्यावर मी वन्सांना फोन केला. म्हटलं, वन्सं, आबांची चावी काढून घेतली तर आबा कसे जाणार सांगा. एसटीचं ७५ च्या वर तिकीट माफ आहे २०२२ पासून, ते चांगलंच आहे, पण आमच्या गावाला संध्याकाळची गाडी एक, तीही आली तर. वडापला दारात लोंबकळत जायचं का ७६ व्या वर्षी? मग राहिलं काय, तर पिंट्या. म्हणजे ज्यांना आपण सुरक्षित करायला निघालोय त्यांना बिनलायसन्सच्या साडेसोळा वर्षांच्या पोराच्या मागं, हेल्मेट न घालता, ॲक्टिव्हावर बसवणार. २०२२ च्या त्याच आकड्यांत मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के टू व्हीलरवरचे होते. वन्सं थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तू फार वाचतेस." ते हो म्हणण्यासारखंच आहे.

तर मला जे म्हणायचंय ते एवढंच की आपलं लायसन्स लाइटच्या बटणासारखं आहे. अठराव्या वाढदिवसाला चालू, फुल, रात्री बारा वाजता महामार्गावर पाच मित्र कोंबून न्यायची मुभा. आणि शेवटी कधीतरी घरच्यांनी भांडून बंद. मध्ये काही नाही. ह्याला पंख्यासारखा रेग्युलेटर पाहिजे होता, दोन्ही टोकांना. पोरांच्या बाजूनं तो बसवणारा पहिला देश न्यूझीलंड, १९८७ ला. तिथं शिकाऊ, मग मधलं, मग पूर्ण असं लायसन्स मिळतं. मधल्या लायसन्सवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्यानं चालवायचं नाही आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर मित्रमंडळी भरायची नाहीत. पुढं बऱ्याच देशांनी ते उचललं, आणि पोरांचे अपघात त्यानं कमी झाल्याचं अनेक ठिकाणी दिसलंय. म्हाताऱ्यांच्या बाजूनं ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं बसवलाय. ७५ नंतर दरवर्षी डॉक्टर, ८५ ला एकतर चालवून दाखवायची टेस्ट द्या नाहीतर टेस्ट न देता घराच्या आसपास चालवायचं मर्यादित लायसन्स घ्या. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. माणसाला किराणा आणायला, देवळात जायला गाडी मिळते, आणि हायवेवर रात्री कोण येत नाही.

आपल्याकडं हे जमणार नाही असं लगेच म्हणू नका. अपंग माणसाला त्याच्यासाठी बदल करून घेतलेल्या गाडीपुरतं लायसन्स आपण देतोच की, म्हणजे अट घालून लायसन्स द्यायची पद्धत आपल्याला नवीन नाही. "फक्त दिवसा" एवढी एक ओळ लायसन्सवर छापायला काय जातंय? आणि ती चाळिशीपासून खऱ्या तपासणीवर ठरू दे, वाढदिवसावर नको, कारण आमच्या ओळखीत ८० चे एक गुरुजी आहेत जे आजही माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात आणि ४८ चे एक साहेब आहेत ज्यांना चष्म्याशिवाय बैल आणि बोर्ड ह्यातला फरक कळत नाही पण चष्मा लावायची लाज वाटते. वयानं फक्त तपासणी कधी करायची ते सांगावं. तपासणीत काय निघालं ते वयानं ठरवू नये. अर्थात शिक्का मारणारा डॉक्टर माणसाला न बघताच शिक्का मारत राहिला तर रेग्युलेटर बसवा नाहीतर जनरेटर, सगळं एकच.

सरकारची वाट न बघता घरी काय केलं ते सांगते. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये, जो आपण सगळे न वाचता सही करून देतो, विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात, चष्मा लावत असाल तर लावून, प्रत्येक डोळ्यानं २५ मीटरवरनं गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवं वेगळं ओळखता येतं का, हे पण विचारतात. मी रविवारी सकाळी टेप लावून अंगणातल्या पायरीपासून २५ मीटर मोजले, ते नेमके चिंचेपाशी येतात, तिथं वॅगनआर उभी केली. आबांना म्हटलं, चला, परीक्षा. आबा म्हणाले आधी पिंट्याची घे. घेतली. मग माझी. मग आबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून खडाखड नंबर वाचला आणि माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. उजवा डोळा झाकून वाचला. डावा झाकला आणि थांबले.

"धुकं पडलंय व्हय गं?" म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. साताऱ्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, आणि मला आठवलं की अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २००२ ला छापून आलेला, मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांचे अपघात न केलेल्यांच्या निम्म्यावर आलेले दिसले होते. आबांना सांगितलं तर त्यांना तो अभ्यास भयंकर आवडला. गावात चार जणांना सांगून आले.

तोपर्यंतचा तह असा ठरलाय. दिवस मावळला की वॅगनआरची चावी देवघराच्या खुंटीला. आबा कबूल झाले पण एका अटीवर, शेजारच्या खुंटीला ॲक्टिव्हाची चावी, आणि ती चोवीस तास, पिंट्या अठराचा होईपर्यंत. जाऊबाई १९९अ ऐकल्यापासून आमच्याच पार्टीत आहेत, त्यामुळं पिंट्याचं कुणी ऐकलं नाही. तो आता क्लासला वडापनं जातो आणि रोज येऊन सांगतो की आज किती जण कोंबले होते, ज्यावर माझ्याकडं खरंच काही उत्तर नाही.

ऑपरेशनची तारीख यात्रेनंतरची मिळालीये. आबांनी परवा हळूच विचारलं, ऑपरेशन झाल्यावर रातचं चालवायला हरकत नसंल की? म्हटलं बघू, डॉक्टर काय म्हणतायत ते. काल संध्याकाळी गाडी पुसायला गेले तर हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून आणल्यात, नव्यासारख्या, दोन्ही.